बहिणीच्या कॅबिनेटात न मावलेला रेडिएटर

माझी नोकरी मापं घेण्याची आहे. आंबीच्या एका कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग बनतात आणि खोक्यात भरण्याआधी ते माझ्या टेबलावर येतात. केसाएवढा फरक दिसला तरी मी माल परत पाठवतो. ऑपरेटर त्यावरून शिव्या घालतात, आणि खरं सांगायचं तर मला त्या आवडतात.

म्हणूनच गेल्या भाऊबीजेला जे झालं, ते आठवलं की अजून मान वर होत नाही.

धाकटी बहीण बेगडेवाडीला दिलेली. लोणावळ्यात होऊ घातलेल्या बंगल्यांची चित्रं ती घरबसल्या कॉम्प्युटरवर काढून देते. किचन कसं दिसेल, जिना कसा दिसेल. कॉम्प्युटर इतका तापायचा की काम चालू असतानाच बंद पडायचा. फोनवर ती हे सहज बोलून गेली आणि मी ठरवलं, यंदा साडी नाही. कॉम्प्युटर पाण्यावर थंड ठेवणारा कूलर न्यायचा. प्रोसेसरवर बसणारा पंप, दोन रबरी नळ्या आणि त्यांतलं पाणी निववणारा, तीन पंख्यांचा लांबलचक रेडिएटर. दुकानदाराने विचारलं, "कॉम्प्युटरचं कॅबिनेट केवढं आहे?"

"मोठं आहे," मी म्हणालो.

इकडे आमच्या कुरवंड्यात आईने शेजारीपाजारी सांगून टाकलं, "पोरीला लय भारी वस्तू घेतलीया."

ओवाळून झालं. खोकं उघडलं. बहिणीच्या सासूबाई आणि दाजी कौतुकाने बघत बसले. मी खाली फरशीवरच मांडी ठोकली, कॅबिनेटचं झाकण काढलं, जुना पंखा ओढून काढला. त्याच्या प्लास्टिकच्या खिट्ट्या तुटून हातात आल्या. "आता हा लागतोय कशाला," म्हणत मी त्या खुशाल बाजूला टाकल्या. पंपाला लावायची पेस्टही लावून मोकळा झालो. मग रेडिएटर उचलून कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला धरला.

चांगला चार बोटं बाहेर राहिला.

उलटा धरून पाहिला. वरच्या बाजूला लावून पाहिला, तर तिथे रॅमच्या पट्ट्या आड आल्या. "थोडं ॲडजस्ट करावं लागेल," मी म्हणालो. कोणी काही विचारलंही नव्हतं. हार्ड डिस्क ठेवायचा पिंजरा रिव्हेट तोडून काढला. तरी खालचा पत्रा आडवा येतच होता. पक्कड घेऊन तो वाकवायला लागलो, तेवढ्यात पुढची जाळी कडकन तडकली.

सासूबाई हळूच म्हणाल्या, "पाहुणे, दुकानात बदलून नाही का देत?"

पेस्ट लागलेला माल कोण बदलून देणार? मी नुसती मान हलवली.

दाजींच्या मनात काही नव्हतं. त्यांनी सरळ विचारलं, "दादा, आधी मोजलं नव्हतं का?"

यांच्याच लग्नाच्या बोलणीत मी माझ्या कामाची केवढी फुशारकी मारली होती! बहीणच म्हणाली, "मीच सांगितलं होतं त्याला, मोठा आण म्हणून. मला नवीन कॅबिनेट घ्यायचंच आहे ना."

ती असलं काही बोलली नव्हती. माझ्याकडे न बघता ती फरशीवरचे स्क्रू गोळा करत होती.

"मग आधी सांगायचं नाही होय?" सासूबाई तिच्यावर उखडल्या. "सणासुदीला त्याला इतका वेळ फरशीवर बसवलंस!"

ती बोलणी तिने ऐकून घेतली. मी पक्कड घेऊन वाकलेला पत्रा सरळ करत राहिलो. जेवताना पानात काय होतं ते आठवत नाही. तिला दोन दिवसांत एका बंगल्याचं काम द्यायचं होतं आणि कॉम्प्युटर मी पार खिळखिळा करून ठेवला होता. "यांच्या लॅपटॉपवर करीन," ती म्हणाली.

घरी पोचलो तर आई दारातच. "बसलं का रं नीट?"

"व्हय," मी म्हणालो.

तिने लगेच बहिणीला फोन लावला, स्पीकरवर. "दादा म्हनला, झ्याक बसलंय."

बहिणीने तिकडूनही तेच पुढे रेटलं.

"हो आई. एकदम गार चालतोय."

म्हशीला पाणी दाखवायचं निमित्त काढून मी परसात गेलो.

पुढच्या रविवारी टेप घेऊन पुन्हा बेगडेवाडी गाठली. दाजींनी तोवर मोठं कॅबिनेट आणलं होतं आणि माझ्यासाठी तसंच ठेवलं होतं. मी टेप खिशातून काढला, तसे दोघं हसले. मीही हसलो, पण मोजलं. रेडिएटर बसला. पंप सुरू झाला आणि बहीण लहानपणीसारखी टाळ्या पिटायला लागली. सासूबाईंनी चहा दिला. "आता बसलं ना? मग तोंड का पाडलंय?"

निघताना बहीण फाटकापर्यंत आली. मी म्हणालो, "त्या दिवशी माझ्यापायी तू बोलणी खाल्लीस."

"गप रे," ती म्हणाली. "घामाने भिजला होतास. सगळ्यांपुढे तुझी ती दशा मला बघवेना."

मला बरं वाटावं म्हणून ती बोलली असणार. मी मात्र हेल्मेट घाईघाईने डोक्यात घातलं, तिला माझा चेहरा दिसू नये म्हणून.