पितृपक्षात सुकलेला निळा रंग

पळस्पे फाट्यावर रंजिताचा फोटो छापायचा गाळा आहे. सासरे आनंदा मरताना सांगून गेले होते, गाळा थोरल्या सुनेचा. धाकट्या दिराच्या, प्रितेशच्या, ते पचनी पडलं नाही. त्याला तिथे जमिनींच्या व्यवहाराचं ऑफिस थाटायचं होतं. तो निमित्त शोधत होता आणि ते त्याला आयतं मिळालं, तेही आईकडून.

पितरांच्या पंधरवड्यात रंगीत काही छापायचं नाही, हा सासूचा, सखूबाईंचा, दंडक. रंजिताने तोंड मिटून गाळ्याला कुलूप लावलं. माणूस पाळतो हो सगळं, शाईच्या प्रिंटरला कुठलं कळतंय? पंधरवडाभर बंद राहिला आणि शाई आतल्या बारीक छिद्रांतच वाळून बसली. घटस्थापनेला सखूबाई देवीचा फोटो न्यायला आल्या, तर देवीचा हिरवा शालू पिवळाधमक उतरला. निळा रंग येतच नव्हता.

मशीन गेलं, आईसोबत आलेल्या प्रितेशने जाहीर केलं. संध्याकाळपर्यंत चाललं नाही तर किल्ली त्याला द्यायची. देते, रंजिता म्हणाली.

प्रिंटरला सफाईची सोय असते. तिने ती लागोपाठ चालवली. शाईची टाकी खाली जात राहिली, निळा काही येईना. दामटून छिद्रं सुटत नाहीत, शाई तेवढी संपते, हे कळेपर्यंत अर्धी टाकी गेली. मग तिने हात आवरला. कळंबोलीच्या ट्रकवाल्यांकडून बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी मागवलं, धागे न सुटणाऱ्या कापडाची घडी त्यात ओली केली आणि छापणाऱ्या हेडखाली सरकवून ठेवली. सखूबाई आत फोटोसाठी थांबल्या होत्या, प्रितेश बाहेर खुर्ची टाकून बसला होता. त्याला तिने चहा पाठवला, बिनसाखरेचा.

उन्हं उतरली तेव्हा कापड निळं झालं होतं. तपासणीच्या कागदावर निळ्या रेघा तुटक आल्या. आणखी एकदाच सफाई केली आणि त्या अखंड उमटल्या. शालू हिरवागार झाला.

पुढच्या पितरांत परत सुकेल, तेव्हा बघू, असं म्हणत प्रितेश उठला.

"नाय सुकनार," रंजिता म्हणाली आणि सासूकडे वळली. "आई, पुढल्या पितरांत मी गाला उघडा ठेवनार. रोज एक रंगीत फोटो काढनार. तुमाला राग आला तरी."

सखूबाईंचा शब्द मोडायची त्या घरात कुणाची छाती नव्हती. प्रितेशला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

"कोनाचा फोटो?" सखूबाईंनी विचारलं.

"पैला बाबांचा. मंग गावात ज्याचे त्याचे पितर."

सखूबाईंनी देवीचा फोटो उचलून पदराखाली घेतला.

"त्यांचा सदरा निला होता," त्या म्हणाल्या. "तो नीट येऊ दे."

मग प्रितेशला त्यांनी खुर्ची उचलून आत ठेवायला सांगितली, वहिनीच्या गाळ्यातली आहे म्हणून.