चुना लावलेली थप्पी

माणूस नवा भेटला की भाऊ त्याच्या नडगीवर बोटाच्या पेराने टकटक वाजवत आणि कान देऊन ऐकत. सागवानाचा ओंडका पोकळ आहे का, हे असंच कळतं. खेळाडूचंही कळतं, असं त्यांचं म्हणणं. "वाजवल्याबिगर काई घेऊ नोको," हे त्यांचं ब्रीद. मी त्यांच्या आरागिरणीत लाकूड मोजायला होतो आणि त्यांच्या फुटबॉल टीममध्ये बॅक. मलाही वाजवूनच घेतलं होतं.

चांद्यात तेव्हा लाकडाच्या ठेकेदारांना टीम पाळायची हौस होती, शर्यतीची बैलजोडी पाळावी तशी. खेळाडूंवर किती उधळायचं याला बहुतेकांकडे धरबंध नसे. भाऊंकडे होता, आणि तो सगळ्या गावाला दिसायचा. पावसाळा सरला की जंगलातून आलेल्या मालातलं काही सागवान ते वेगळं काढत, रस्त्याच्या कडेला थप्पी रचत आणि टोकांना चुना लावत. त्या थप्पीचे जे पैसे येतील ते खेळाडूंचे. घरात लग्न निघो की गिरणीचा पट्टा तुटो, तिला हात लागायचा नाही. आणि ती संपली की खेळाडू घेणंही बंद.

ही शिस्तच त्यांना नडली. गावातला एक मोठा ठेकेदार रोज टांग्यातून त्या रस्त्याने जायचा. थप्पीकडे बघून त्याला भाऊंची ऐपत कळायची. भाऊंनी एखाद्या खेळाडूशी बोलणं लावलं, की हा थोडे पैसे चढवून त्याला उचलून न्यायचा. वर एकदा जंगलाच्या लिलावात सगळ्यांदेखत हसून म्हणाला, "गाडीवानाच्या पोरानं गाडी हाकावं. टीमच्या भानगडीत काह्याले पडावं?" भाऊंचे वडील त्याच्याच घरी गाडीवान होते. तुम्ही तिथे असता तर तुमच्याही तळपायाची आग मस्तकात गेली असती. माझी अजून उतरलेली नाही.

पुढच्या हिवाळ्यात थप्पी दुप्पट उंच झाली. रस्त्याच्या बाजूला सागवानाचे हातभर तुकडे, आणि मागे सगळं कुजकं, पोकळ आडजात लाकूड. रचणारे मी आणि भाऊ, दोघंच. मग भाऊंनी नागपूरचा एक नावाजलेला फॉरवर्ड बोलावला. त्याची नडगी वाजवली, गुडघा दाबला, चहा पाजला, आणि वाट्टेल ते देऊन याला घेणार असा गावभर बोभाटा केला.

मला मात्र हळूच म्हणाले, "गुडघा गेला याचा. पण तो ठेकेदार वाजवून पाहत नाई, थप्पी पाहते."

तसंच झालं. ठेकेदार चढवत चढवत गेला आणि टीमचा वर्षाचा पैसा त्या एका गुडघ्यात घालून बसला. त्याचे जुने खेळाडू कोरडेच राहिले. ते चिडून आमच्याकडे आले आणि भाऊंना स्वस्तात पडले. संक्रांतीच्या सामन्यात तो फॉरवर्ड माझ्यासमोरच गुडघा धरून खाली बसला. आम्ही जिंकलो. त्या गड्याने पुढे मिळालेल्या पैशात सायकलचं दुकान टाकलं, तेव्हा त्याच्यासाठी कुणी हळहळू नये.

थप्पीचं गुपित आता ठेकेदाराच्या तोंडावर सांगून टाकू, असं मी म्हटलं. भाऊंनी मान हलवली. "आत्ता सांगतलं त चार दिवस चिडन अन् विसरून जाईन."

थप्पी तशीच उभी राहिली. दर दिवाळीला भाऊ स्वतः चुना लावत. भाऊंचा एवढा पैसा अजून शिल्लकच आहे म्हणून ठेकेदार जाता-येता तिच्याकडे बघून जळायचा, आणि भाऊ ओसरीवर बसून त्याचं तोंड बघायचे. इतका सुखी माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मग त्यांना छातीचं दुखणं लागलं. शेवटी शेवटी मला जवळ बसवून म्हणाले, "मले त्याच थप्पीनं जाळजा. अन् त्याले बोलावल्याबिगर आग देऊ नोका."

मला हसू आलं आणि रडूही आलं. मरणाच्या दारात माणसं माफी मागतात म्हणे. भाऊंनी लाकूड मागितलं.

इरई नदीच्या काठावर ठेकेदार हात जोडून आला. चुन्याची टोकं ओळखून तो थबकला. चितेवर चढवताना एक ओंडका मधोमध मोडला, आतून नुसता भुसा पडला. ठेकेदार वाकला, आणि बोटाच्या पेराने दुसरा ओंडका वाजवला. मग तिसरा.

"समदी थप्पी अशीच होती?" त्याने मला विचारलं.

"समदी," मी म्हणालो. "भाऊनं तुमाले मुद्दाम बोलावलं होतं."

भाऊंच्या मुलाने अग्नी दिला. पोकळ लाकूड भराभर पेटलं. ठेकेदार नदीकडे तोंड करून उभा राहिला. मी डोळे पुसत भाऊंकडे बघत होतो.