सोळखांबी मठाचं माळवद

नागाबाईला मठाचं माळवद तळपायानं कळायचं. पाऊस उघडला की ती अनवाणी वर चढायची आणि कडेकडेनं चालत राहायची. जिथं टाच जराशी दबली, तिथं पाणी मुरलं असं समजायचं. मग तिथं कोरडी खारी माती टाकायची, टाचेनं दाबायची, पुढं जायचं.

मुखेडहून एसटीनं पाऊण तासावरच्या त्या गावातला हा मठ सागवानाच्या सोळा खांबांवर उभा होता. खांबांवर तुळया, तुळयांवर फळ्या, त्यावर कडुनिंबाचा पाला आणि पाल्यावर हातभर माती. भिंती दगडाच्या असल्या तरी भार सगळा लाकडावर. ते लाकूड कोरडं ठेवायचं काम नागाबाईच्या सासरच्या घराकडं होतं. लग्न होऊन आली त्या वैशाखात सासूनं तिच्या डोक्यावर मातीचं टोपलं दिलं, "नवी नवरी हायस, पडू नको," एवढंच म्हणाली आणि शिडीवरून खाली उतरली. पुन्हा सासू कधी वर गेली नाही.

त्यानंतर चाळीस वैशाख नागाबाईनं माती चाळली, वाहिली, पसरली. माळवदावर उगवलेलं गवत मुळासकट उपटलं, कारण मूळ राहिलं की पाण्याला वाट मिळते. घुशीची बिळं बुजवली. गावाला यातलं काही दिसत नव्हतं. गावाला दिसायचं ते चुकून गळलेलं टिपूस.

सहा वर्षांपूर्वी तिच्या गुडघ्यानं दगा दिला. त्याच श्रावणात भजन चालू असताना पेटीवर पाणी ठिबकलं. पेटीवाला म्हणाला, "मावशी, पावसानं बी तुमचं ऐकायचं सोडलं की!" सगळे हसले. तीही हसली. घरी येऊन मात्र जेवली नाही.

मुलगा अंगद नांदेडला नोकरीला होता. फोनवर हे ऐकून तो तापला. "माय, आता शिडीला हात लावायचा न्हाई. मी बघतो काय ते."

पंधरा दिवसांत वाळू आली, सिमेंट आलं. माळवदावर चार बोटं जाडीचा कोबा टाकायचं ठरलं. मिस्त्रीनं विचारलं, "खालची माती काढायची का? वली हाय जरा." अंगदनं आईकडं बघितलं. चाळीस वर्षांची टोपली एका दिवसात खाली फेकायची, हे तिच्या जिवावर आलं. "राहू द्या," ती म्हणाली. "लई चांगली माती हाय."

ओल्या मातीवर कोबा बसला. गावानं अंगदला शाल-नारळ दिला. त्या वर्षी जन्मात पहिल्यांदा नागाबाई पावसात अंथरुणावर पडून राहिली, आणि तिला ते आवडलं.

तिसऱ्या वर्षी मठात ओल्या पोत्यासारखा वास यायला लागला. पाचव्या वर्षी तुळयांवर पांढरी बुरशी दिसली. यंदा तुळईचा ढलपा खाली पडला, तेव्हा मठाच्या समितीचे अध्यक्ष व्यंकटराव यांनी देगलूरकडच्या शंकरप्पा सुताराला बोलावलं. त्यानं तुळईला पटाशी टेकवली. हातोडा न मारताच ती बोटभर आत गेली.

बाकीचे बाहेर गेल्यावर तो नागाबाईला म्हणाला, "अक्का, वय झालं म्हणून लाकूड कुजलं न्हाई. वरची वल कोंडली. आत्ताच कोबा फोडा, माती उतरवा. चार तुळया बदलून देतो. खांबाला अजून काय झालं न्हाई."

"तुमीच सांगा की मीटिंगीत."

"मी बोललो तर म्हणतील, सुताराला काम पाहिजे."

रविवारी मीटिंग बसली. अंगदही आला होता, पुढच्या रांगेत आईशेजारी बसला होता. व्यंकटरावांनी ठराव वाचला : जुनं पाडून स्लॅबचा मठ बांधायचा. नागाबाईनं कधी मीटिंगीत तोंड उघडलं नव्हतं. ती उभी राहिली. "लाकडाचा दोष न्हाई. कोब्यानं खाल्लं त्याला. माती राहू द्या म्हणून मीच सांगितलं होतं. मी चुकले."

अंगदची मान खाली गेली. "माय, बस," तो पुटपुटला. ती बसली.

"आवं, चुकायचं काय त्यात?" व्यंकटराव समजुतीनं म्हणाले. "लेकरानं मायेनं केलं. पण किल्लारीचा भूकंप इसरलात का? मातीच्या माळवदाखाली लोक गाडले. आमी अजून त्याच्याखाली बसून भजन करून राहिलो."

"ह्यो मठ तवा हालला बी न्हाई, भाऊ."

"बरं, ठेवू मठ. पुन्हा माती टाकू. पण वैशाखात वर कोन चढनार? पावसात कोन चालनार? हात वर करा."

कुणी हात वर केला नाही. पन्नास-साठ माणसं होती. मागं बायका होत्या, नागाबाईची सून बबिता होती. ती चटईची काडी उपसत बसली. नागाबाईनं गुडघ्यावर ठेवलेल्या आपल्या हाताकडं बघितलं. तो उचलला गेला नाही. मघाशी बोलायला खुर्चीतून उठतानाच तिला अंगदचा खांदा धरावा लागला होता.

"मग?" व्यंकटराव म्हणाले. त्यांनी ठरावाचा कागद सह्यांसाठी पुढं सरकवला.

पाडायच्या दिवशी त्यांनी तिला घरून बोलावून घेतलं. लातूरकडं हॉटेल बांधणाऱ्या एकाला जुने खांब हवे होते. "वहिनी, कुठले घट हायेत, कुठले पोकळ, ते तुमच्याइतकं कुनाला ठावं? सांगा तेवढं."

न्हाई म्हणावं असं तिला वाटलं. पण चुकीचा खांब आधी ओढला तर वरचं माणसांच्या अंगावर येईल, हेही तिला ठाऊक होतं. ती पहिल्या खांबाजवळ गेली. बोटांच्या पेरांनी खालपासून वरपर्यंत वाजवत गेली, कान लावला. "ह्यो चांगला." दुसरा चांगला. तिसरा चांगला. शंकरप्पा मागून खडूनं खूण करत होता. पाचव्यानंतर त्यानं तिच्याकडं बघायचं सोडलं.

नैर्ऋत्येकडचे दोन तेवढे बुडाशी पोकळ लागले. बाकीचे चौदा खणखणीत.

"चौदा?" व्यंकटराव खूश झाले. "काईच वाया गेलं न्हाई बघा."

नागाबाईनं मान डोलावली आणि दोरखंड बांधणाऱ्यांना सांगितलं, आधी पोकळ खांबांच्या बाजूला टेकू द्या, मग कोबा फोडा, मग माती उतरवा. माती उतरल्याशिवाय तुळईला हात लावू नका. त्यांनी तिचं सगळं ऐकलं.