बस्त्याचा हीट लोड

भर दुकानात थर्मामीटर एकतीस अंश दाखवत होता आणि एसी सकाळपासून एकदाही थांबला नव्हता.

"ह्यो एसी हाय का बंब?" अण्णांनी विचारलं.

अण्णा म्हणजे कोल्हापुरातल्या एका मोठ्या साडीच्या दुकानाचे मालक. नव्वदचं दशक संपत आलं होतं. पुण्याच्या कंपनीतली नोकरी सोडून मी गावात एसीचं डिझाइन करून द्यायला लागलो होतो, आणि हे माझं पहिलं काम. मशीन केवढं लागेल आणि महिन्याला वीज किती युनिट जाईल, दोन्ही मीच लिहून दिलं होतं. प्रत्यक्षात युनिट दीडपट गेले होते.

"मोठं मशीन बसवा, न्हायतर हे काढून न्या," अण्णा म्हणाले. "घाम फुटलेलं गिऱ्हाईक बसत न्हाय. उठून म्होरच्या दुकानात जातंय."

मोठं मशीन म्हणजे वीज मंडळाकडून जादा लोड मंजूर करून घेणं. तोवर लग्नसराई संपली असती. आणि हे काढून नेलं असतं, तर गावात मला दुसरं काम कोण देणार होतं? मी चार दिवस मागितले. अण्णांनी दोन दिले.

घरी येऊन हीट लोडचा कागद काढला. हीट लोड म्हणजे इमारतीत येणाऱ्या उष्णतेची बेरीज. भिंतीतून आणि काचेतून ऊन येतं. दार उघडलं की गरम हवा येते. दिवे तापतात. आणि माणूस नुसता स्वस्थ बसला तरी शंभर वॅटच्या बल्बएवढी उष्णता टाकतो. ही सगळी उष्णता एसीला बाहेर फेकावी लागते, आणि वीज किती लागणार ते त्यावर ठरतं. बेरीज दोनदा तपासली. चूक नव्हती. मला उगाच बरं वाटलं. मशीनवाल्या कंपनीला मनातल्या मनात शिव्याही घालून झाल्या.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच कोपऱ्यात स्टूल टाकून बसलो. अकराला एक टेम्पो आला, मागोमाग जीप. कोडोलीची मंडळी बस्ता बांधायला आली होती. बस्ता म्हणजे लग्नाचं सगळं कापड एकदम घेणं, आणि त्याला नुसते आईवडील येऊन भागत नाही. मामा, चुलते, आत्या, भावकी, सगळ्यांचा मान. मी डोकी मोजली, एकतीस भरली. ती टेकतात न टेकतात तोच दुसरा टेम्पो. दुपारी हॉलमध्ये एकशे दहा माणसं होती. कागदावर मी पंचवीस धरली होती.

ही पंचवीस आली कुठून? तर मी मोजमाप घ्यायला आलो होतो पितृपक्षात. त्या पंधरवड्यात नवं कापड कोण घेतो? दुकान रिकामं, अण्णा निवांत, टेप धरायला सेल्समन मोकळे. मला दिवस सोयीचे वाटले. मी काही परगावचा नव्हे. माझ्या स्वतःच्या बस्त्याला बावीस जण होते, त्यातल्या तिघांना तर मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. तरी डोक्यात आलं नाही. स्टुलावर बसल्या बसल्या मला स्वतःची लाज वाटली.

अण्णांना सरळ सांगितलं, "मशीनचा दोष नाही. माणसं मीच कमी धरली."

"मग काय, पावण्यांना कमी या म्हणू?"

जुने सेल्समन कल्लाप्पामामा शेजारी साडीची घडी घालत होते. ते म्हणाले, "अण्णा, ह्यात निवडणाऱ्या बायका पाच-सा. बाकीचे टोपीवाले नुसते बसत्यात."

"त्यांस्नी भाईर बसा म्हटलं तर रुसतील की."

"म्हणायचंच न्हाय. चहा भाईर ठेवायचा."

मला इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कुणी हे शिकवलं नव्हतं. दुकानापुढं सावलीची पडवी होती. तिथं बाकडी टाकली, दोन पंखे लावले, चहा आणि पेपर ठेवला. अर्ध्या तासात अर्धे पाहुणे आपणहून बाहेर. त्यांच्या ये-जा करण्यानं गरम हवा आत येऊ नये म्हणून सुताराकडून दाराच्या आत दुसरं दार करून घेतलं. छताला साठ हॅलोजन होते, दिवसभर तापणारे. त्यांच्या जागी ट्यूबलाइट सुचवल्या, तर अण्णा अडले. "साडीची जर मरती ट्यूबखाली." मग जरीच्या काउंटरवरचे बारा हॅलोजन ठेवले, बाकीचे काढले.

मुदतीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चारची वेळ. आत दोन बस्ते चालू. अचानक बाहेरच्या कंप्रेसरचा आवाज थांबला. अण्णा गादीवरून उठून धावत आले.

"बंद पडलं की हो."

"पडलं नाही, अण्णा. पुरेसं गार झालं म्हणून थांबलं. इतके दिवस त्याला थांबायला मिळतच नव्हतं."

त्यांनी थर्मामीटर दोनदा पाहिला. सव्वीस. माझा जीव भांड्यात पडला. पाच-सात मिनिटांनी कंप्रेसर परत सुरू झाला, तेव्हा अण्णा म्हणाले, "इचलकरंजीत धाकट्या भावाचं दुकान हाय. त्यो सध्या निवांत हाय, उद्याच जाऊन मोजून या."

"उद्या नको," मी म्हणालो. "दुकानात उभं राहायला जागा नसेल, तेव्हा बोलवा."

तेव्हापासून मालक निवांत असला की मी टेप काढत नाही.