लाल पेन्सिल, निळी पेन्सिल

“इंग्लिश मीडियमची ना ती? मग मीटिंगमध्ये तोंड का उघडत नाही?”

“अरे, रंगीत पेन्सिली दिल्या की ती खूश, यार!”

कॉफी मशीनपाशी ऑफिसातले दोघे बोलत होते. दुसरा नागपूरचा, माझा सीनियर. मी मागेच रिकामा कप घेऊन उभी होते. तशीच परतले.

२००३ साल असावं. कॅलिफोर्नियात, सांता क्लारातली आमची छोटी इंजिनिअरिंग कंपनी पूर्व युरोपातली एक जुनी, सोव्हिएत बनावटीची अणुभट्टी किती सुरक्षित आहे ते तपासत होती. भट्टी थंड ठेवायला दोन पंप. एक बंद पडला तर दुसरा. दोन्हींच्या केबल वेगळ्या वाटांनी जायला हव्यात, म्हणजे कुठे आग लागली तरी एक पंप वाचतो. कॉम्प्युटरमधल्या यादीत तसंच लिहिलं होतं. मी मात्र मूळ नकाशांच्या प्रती काढून, रशियन अक्षरं लावत, एकेक केबल हाताने रंगवत होते. पहिल्या पंपाची लाल, दुसऱ्याची निळी.

त्या सकाळी दोन्ही रेघा एकाच खोलीत शिरताना दिसल्या. तीनदा तपासलं, मग पुढचे नकाशेही काढले. सीनियरला सांगायला गेले, तर तो म्हणाला, “यादी बघ ना. तिथे सगळं क्लिअर आहे.”

दुपारी मीटिंगमध्ये रिपोर्टवर बॉसची सही होणार होती. ‘दोन्ही पंप स्वतंत्र आहेत,’ असं त्यात ठळक लिहिलं होतं. एकदा सही झाली की भट्टी तशीच चालू राहणार. समोर त्याच भट्टीवरून आलेले एक वयस्कर इंजिनिअर बसले होते. बॉसने पेन उघडलं. मी उठले आणि नकाशा सरळ रिपोर्टवर पसरला.

वयस्कर इंजिनिअरनी चष्मा लावला. त्यांचं बोट लाल रेघेवरून फिरलं, मग निळीवरून. खोलीपाशी थांबलं.

“इथे मी कित्येक वर्षं काम केलंय,” ते अडखळत इंग्रजीत म्हणाले. “दोन्ही केबल इथेच आहेत. ती यादी नंतर केली, ऑफिसात बसून.”

बॉसने पेनला टोपण लावलं. “कुणी शोधलं हे?”

“आमच्या टीमने,” सीनियर म्हणाला.

“मी,” मी म्हणाले. आवाज चांगलाच खणखणीत निघाला. “आणि अशी अजून एक खोली आहे.”