भाऊची चिपची तेजी आणि वहिनीचे गुडघे

माझा थोरला भाऊ शहाणा आहे, असं फक्त तोच म्हणतो. वरणगावच्या कारखान्यातून रिटायर झाला, जळगावच्या पिंप्राळ्यात घर बांधलं आणि वहिनीच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी ठेवलेले पैसे उचलून एका चिप पॅकेजिंग कंपनीच्या शेअरमध्ये घातले. दुसऱ्यांनी बनवलेल्या नाजूक चिपला कवच चढवायचं, तारा जोडायच्या, तपासून पुढे धाडायचं, हे त्या कंपनीचं काम. त्या धंद्यात मंदी होती म्हणून शेअर स्वस्तात मिळाला. एवढ्यावर स्वारी स्वतःला सावकार समजायला लागली.

मी धुळ्याला कॉलेजात कॉमर्स शिकवतो. दिवाळीला गेलो तेव्हा त्याला समजावलं, की या धंद्यात वर-खाली चालूच असतं. गिऱ्हाइकांच्या गोदामातला माल संपला की ऑर्डरी येतात, पण शेअरचा भाव त्याच्या आधीच चढून बसतो. चढला की निदान निम्मे विक आणि ऑपरेशन उरकून घे. भाऊने सगळं ऐकलं आणि मला विचारलं, तू कधी कापूस विकलाय का? घ्या! आमच्याकडे वेचलेला कापूस घरात आढ्यापर्यंत भरतात आणि भाव येईल म्हणून उन्हाळ्यापर्यंत वाट बघतात. त्याच अकलेने हा शेअर राखत बसला होता.

आणि तेजी आली की! कंपनीची यंत्रं भरभरून चालायला लागली, शेअर दुप्पट झाला. वहिनी तोवर भिंत धरून चालत होती. मी मुद्दाम जळगावला गेलो, तर भाऊ ओट्यावर मोबाईल घेऊन बसलेला. विकायचं नाव काढलं तर हसायला लागला. पडला असताना विकला तर तोटा आणि चढताना विकला तर मूर्खपणा, मग हा दिवटा विकणार तरी कधी? चुलीत गेलं असलं शहाणपण. मला त्याची किळस आली.

वहिनी भिंतीला धरत धरत चहा घेऊन आली. कप ठेवून तिथेच उभी राहिली.

"कापूस घरमा भरा का आंगले खाज सुटस," ती भाऊला म्हणाली. "मंग माणूस इकी तरी टाकस. तुमना शेअरनी कोणले खाज सुटत नही. मन्हाच गुडघा दुखतस."

भाऊने मोबाईलवरची नजर काढली नाही.

"आते कुठे सुरुवात शे," म्हणाला. मग चहाचा घोट घेतला आणि साखर कमी आहे म्हणून वहिनीला परत आत पाठवलं.