कट्रीना माल्गासची पाच वर्षं

कट्रीना माल्गास आमच्या वर्गात आली तेव्हा एकतीस वर्षांची होती आणि आम्ही सगळे अठरा-एकोणीसचे. पहिल्या दिवशी ती दारातून आत आली, तर बाईच आल्या असं समजून सगळा वर्ग उठून उभा राहिला.

"बसा रे पोरांनो," ती म्हणाली, "मलाही तुमच्याइतकंच येतं. कदाचित कमीच."

त्याआधी बारा वर्षं ती दक्षिण आफ्रिकेतल्या कारूच्या कोरड्या माळावर मेंढ्यांची लोकर निवडायला जात होती. शाळेत गणितात कायम पहिली, पण वडील गेले आणि आईसोबत तीन धाकटी भावंडं तिने सांभाळली. शेवटचा भाऊ नोकरीला लागला, तेव्हा तिने केपटाउनला येऊन खगोलशास्त्राच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात प्रवेश घेतला. पदवी आणि पदव्युत्तर पदवी दोन्ही एकदम. तिसऱ्या वर्षी गुण कमी पडले, तर नुसती पदवी घेऊन बाहेर पडायचं.

वसतिगृहात मी तिच्याच खोलीत. पहिल्या परीक्षेत तिला भौतिकशास्त्रात शंभरपैकी अडतीस पडले.

"रडू येत नाही तुला, ताई?" मी विचारलं.

"रडून गुण वाढतात का, लुलामा? ते सातवं गणित कसं सोडवलंस ते दाखव."

मी दाखवलं. दुसऱ्या वर्षी तीच मला दाखवू लागली. तिसऱ्या वर्षी मी बाहेर पडले, ती पुढे गेली.

विद्यापीठाची जुनी रेडिओ दुर्बीण जिथे आहे, त्याच गावातल्या शाळेत मला नोकरी लागली. पाचव्या वर्षी प्रबंधाच्या कामासाठी कट्रीना माझ्याकडेच उतरायची. ती दुर्बीण ताऱ्यांच्या रेडिओ लहरी दिवसाही टिपते; ती हलत नाही, आकाशातला तारा समोरून सरकत जातो. ओळखीचा एक तारा समोर असताना, दुपारी साडेतीनच्या सुमारास, तिला दर सव्वा सेकंदाला एक बारीक ठोका सापडला. तिचे मार्गदर्शक मोइलवा सर हरखून गेले. "अगं, हा स्पंदणारा नवा तारा असू शकतो!" परिषदेत सांगायचं त्यांनी ठरवूनही टाकलं.

कट्रीनाला मात्र चैन पडेना. तारा रोज चार मिनिटं लवकर येतो, म्हणजे दोन महिन्यांत चार तास आधी. तिने दोन महिने नोंदी घेतल्या. तारा आता साडेअकरालाच समोरून जात होता. तेव्हा ठोके नव्हते; ते अजूनही दुपारी दोननंतरच येत होते.

"लुलामा, हे घड्याळ आकाशातलं नाही," ती म्हणाली. "कुणाचं तरी इथलंच आहे."

शनिवारी आम्ही एक छोटा रेडिओ घेऊन आसपासची शेतं पालथी घातली. शेजारी मेंढ्या पाळणाऱ्या बेस्टर काकांच्या विजेच्या कुंपणाजवळ रेडिओ टक, टक, टक करू लागला. काका रोज दोनला मेंढ्या त्या कुरणात सोडत आणि कुंपणात वीज सोडत.

"काका, अर्धा तास बंद कराल?"

"आणि माझ्या मेंढ्या पळाल्या तर? तुझे तारे येणार का राखायला?"

"मी राखते. बारा वर्षं लोकर निवडलीय, मेंढ्या ओळखतात मला."

काका हसले आणि बटण बंद केलं. रेडिओ गप्प. नंतर नोंदी पाहिल्या, तर तेवढाच अर्धा तास ठोके नव्हते.

जमा करायला चार महिने उरले असताना तिने आपला सगळा प्रबंध स्वतःच मोडला. ती नोंदी घेऊन सरांकडे गेली. सरांनी त्या चाळल्या.

"कुणाच्या लक्षात आलं नसतं, कट्रीना."

"माझ्या आलं ना, सर."

सरांनी परिषदेतलं भाषण मागे घेतलं. आठवडाभर ते तिच्याशी तुटक वागले, मग स्वतःच जुन्या नोंदींची पेटी तिच्या टेबलावर आणून ठेवली. जमिनीवरचा गोंगाट ताऱ्यांपासून वेगळा कसा करायचा, यावर तिने नव्याने लिहिलं. चार महिने ती जेवायला बसली तरी हातात कागद असायचे. विशेष श्रेणी थोडक्यात हुकली. आता सरांकडे नवा विद्यार्थी आला की सर आधी तिचा प्रबंध त्याच्या हातात देतात.

मी तिच्या जागी असते, तर गप्प बसले असते. हे मी तिला सांगितलंही. "बसली नसतीस," ती म्हणाली, पण मला खात्री नाही.

पदवीदानाला तिची आई गावाहून आली होती. मुलीच्या हातातले कागद तिने उलटसुलट करून पाहिले.

"दोन का गं?"

"दोन्ही पदव्या मिळाल्या, आई."

"मग फोटोही दोन काढ," म्हातारी मला म्हणाली, "आणि दोन्हींत मी पाहिजे."